संत्र्याची पेटी आणि तिचं माप

वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात आंबिया बहाराची फळं रंगावर यायला लागली की एके काळी बागेआधी आरामशिनींना जाग यायची. फळ्या चिरायच्या, उन्हात रचायच्या, पेट्या ठोकायच्या. संत्री अजून झाडावरच असायची, पण दूरच्या बाजारात ती कशातून जाणार याची तयारी इथे झालेली असे. विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणून ज्या भागाचं कौतुक होतं, त्याच्या व्यापाराचा मोठा भार या ओबडधोबड लाकडी पेटीने उचलला. बागांवर, भावांवर, बहारांवर भरपूर लिहिलं गेलं. पेटीकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही.

तिची बांधणी अगदी साधी. दोन टोकांना जाड फळ्या, बाकी बाजूंना पातळ पट्ट्या आणि पट्ट्यांमध्ये बोटभर फट. ही फट लाकूड वाचवण्यासाठी ठेवली असं वरवर वाटतं, पण तिचं खरं काम हवा खेळवण्याचं. तोडलेलं फळसुद्धा श्वास घेत असतं, उष्णता आणि ओल बाहेर टाकत असतं. बंद खोक्यात ते घामेजतं आणि बुरशी धरतं. लाकूड असायचं सालईचं, आंब्याचं, म्हणजे हलकं आणि स्वस्त. सालई सातपुड्याच्या उतारांवर उगवते. सागवानासारखी ती घरादाराला चालत नाही, म्हणूनच पेटीला परवडते. त्यावर रंधा मारायची चैन कुणालाच शक्य नव्हती, कारण पेटी एकदा गेली की परत येत नसे.

भरण्याचं काम मात्र नजरेचं आणि हाताचं. तळाला आणि कडांना तणस अंथरायची. आकारानुसार निवडलेली फळं थरांत लावायची, एकाच्या देठाचं टोक दुसऱ्याच्या सालीत रुतणार नाही अशी. शेवटचा थर काठाच्या थोडा वर येऊ द्यायचा, कारण वाटेत माल बसतो. मग झाकणाच्या पट्ट्या गुडघ्याने दाबून धरायच्या आणि कोपऱ्यांवर चुका ठोकायच्या. भरलेली पेटी मधोमध फुगलेली दिसायची. हा फुगवटा भरपूर मालाची खूण मानला जाई.

त्याच फुगवट्याखाली नुकसानही होत असे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. खाणाऱ्याला हेच आवडतं, नखाने साल सुटते. पण हीच सैल साल प्रवासात फळाला दगा देते. सालीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. खरखरीत फळीवर फळ घासलं की त्या फुटतात, तिथे डाग पडतो आणि जखमेतून हिरवी बुरशी आत शिरते. तळच्या थरावर वरच्या सगळ्यांचं ओझं. अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातल्या वाडेगावचं लिंबू पोत्यातून जातं आणि धडधाकट पोचतं, कारण त्याची साल गराला घट्ट धरून असते. संत्र्याला ती सोय नाही. त्याला घरच हवं.

लाकडी पेटी मागे पडली ती योग्य कारणांनी, हे मी आधीच सांगून टाकतो. सातपुड्याच्याच मेळघाटात 1970च्या दशकाच्या सुरुवातीलाच व्याघ्र प्रकल्प आला. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानंतर देशभरातल्या वृक्षतोडीवर आणि आरागिरण्यांवर कडक बंधनं आली. परतवाड्यासारख्या लाकडाच्या बाजारपेठेच्या गावाला ते सांगायला नको. परदेशी माल पाठवायचा तर लाकडी वेष्टनाला 2002पासून आंतरराष्ट्रीय नियम लागू आहे: लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस उष्णता सलग 30 मिनिटं पोचली पाहिजे, किंवा धुरी दिली पाहिजे आणि तसा शिक्का हवा. एकदाच वापरून फेकायच्या खोक्यासाठी झाडं तोडावीत, असं कुणी म्हणू नये.

प्रश्न पेटी गेल्यावर काय आलं याचा आहे. कोटिंग केलेला निवडक माल पुठ्ठ्याच्या खोक्यात जाऊ लागला, ते चांगलंच झालं. प्लॅस्टिकचं कॅरेट आलं. ते धुता येतं, परत येतं, एकावर एक रचता येतं. पण पुष्कळ माल सुटाच गाडीत भरला जातो. नागपूरच्या कळमना बाजारात अशा सुट्या मालाच्या गाड्या लिलावाला उभ्या असतात. म्हणजे खरखरीत का होईना, फळाला जे घर होतं तेही गेलं.

आणि माप? ते तर सुरुवातीपासूनच ढिलं. बाग एकगठ्ठा हुंडीने दिली तर अंदाजावर, मोजून दिली तर हजारावर, बाजारात टनावर, किरकोळीला डझनावर नाहीतर किलोवर. मधे कॅरेट आहेच, आणि ते काठोकाठ भरायचं की शीग लावून, हे घेणारा ठरवतो. एका बागेच्या फळाला दुसऱ्या बागेपेक्षा भाव बरा मिळाला की नाही, हे शेतकऱ्याला कागद-पेन घेतल्याशिवाय कळत नाही. माझ्या मते वऱ्हाडी संत्र्याचं सगळ्यात जुनं दुखणं हेच आहे.

याच लाकडी खोक्याचा एक भाऊबंद जगभर नाव कमावून आहे, तो फळबाजारात नव्हे, सिनेमाच्या सेटवर. सेटवर लागणाऱ्या या पेटीचं नाव ॲपल बॉक्स. हॉलिवूडच्या सुरुवातीच्या काळात बुटक्या नटाला उंच करायला, कॅमेऱ्याखाली आधार द्यायला सफरचंदांची रिकामी खोकी वापरत, त्यावरून हे नाव पडलं. पुढे खोकी मुद्दाम प्लायवूडची बनू लागली, भक्कम आणि हात घालायला खाचा असलेली. पेटीचं माप ठरलं: लांबी 20 इंच, रुंदी 12 आणि उंची 8. अर्धी पेटी 4 इंचांची, पाव 2 इंचांची आणि सगळ्यात पातळ 1 इंचाची. आडवी, कडेवर, उभी, अशी कशीही ठेवली तरी उंची किती मिळणार हे सेटवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आडवी ठेवली तर तिला लॉस एंजेलिस म्हणतात, उभी केली तर न्यूयॉर्क. एका देशात बनलेली पेटी दुसऱ्या देशातल्या कॅमेऱ्याखाली बिनदिक्कत बसते. फळांच्या खोक्यातून निघालेल्या वस्तूला सिनेमावाल्यांनी जी शिस्त लावली, ती फळवाल्यांनी आपल्या खोक्याला लावली नाही.

हिमाचल प्रदेशाने उशिरा का होईना, ते केलं. तिथे सफरचंदाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण वर सरकवून त्यात जास्तीचा माल कोंबला जाई आणि भाव मात्र एका खोक्याचाच मिळे. बागायतदार वर्षानुवर्षं ओरडत होते. अखेर 2024च्या हंगामापासून ठरलेल्या मापाचं, न वाढणारं एकच खोकं सक्तीचं झालं.

आपल्याकडे वाहतुकीची सोय झाली आहे. नरखेड-अमरावती रेल्वेमार्ग वरुड, मोर्शी, चांदूरबाजार जोडतो. 2020च्या ऑक्टोबरात वरुड ऑरेंज सिटी स्थानकातून संत्र्यांची किसान रेल्वे दिल्लीकडे गेली. नागपुरी संत्र्याला 2014मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरीकडे बांगलादेशाने 2019नंतर आयात शुल्क वाढवत नेलं आणि सुटा माल ढिगाने खपवणारा तो हुकमी बाजार आक्रसला. आता देशातल्या दूरच्या शहरांत फळ नीट पोचवूनच भाव मिळवावा लागणार आहे आणि त्यासाठी पेटीचा विचार बागेतच करावा लागेल.

शेतकरी उत्पादक कंपन्या, बाजार समित्या आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी एकत्र बसून संत्र्यासाठी एकच खोकं ठरवावं. किती किलोचं, किती थरांचं, हवेला किती भोकं, झाकण कुठपर्यंत, हे सगळं त्यात यावं. ते पुठ्ठ्याचं असो की परतीच्या कॅरेटचं, पण वरुडला जे माप तेच अचलपूरला, अकोटला आणि कळमन्याला असावं. पुढच्या आंबिया बहाराची फुलं जानेवारीत येतील आणि तोड ऑक्टोबरात लागेल. एवढा वेळ या कामाला पुरेसा आहे.