विश्लेषण : कोपनहेगनचे टिवोली दोन तासांत ‘उरकणे’ का परवडत नाही?

युरोपच्या सहलीत कोपनहेगनच्या वाट्याला बहुधा दीड दिवस येतो. लिटल मर्मेडचा पुतळा, न्यूहाव्नच्या रंगीत घरांसमोर छायाचित्रे, आणि मग दुपारी दोन तास ‘टिवोली गार्डन्ससाठी मोकळा वेळ’. या दोन तासांत घरातील सर्वांची तिकिटे निघतात, मुले दोन रांगांत उभी राहतात, आजी-आजोबा बाकावर बसून घड्याळ पाहतात आणि बाहेर पडताना ‘यापेक्षा आपली इमॅजिका मोठी’ असा निकाल लागतो. क्षेत्रफळाच्या बाबतीत तो निकाल चुकीचा नाही. मात्र टिवोली हे केवळ राइड्सचे उद्यान नाही. ती १८४३ पासून चालू असलेली, शहराच्या ऐन मध्यातली संध्याकाळची बाग आहे. त्यामुळे तिथे जाण्याची वेळ, महिना आणि तिकीट या तीन गोष्टी चुकल्या तर पैसे खर्च होतात आणि बाग पाहायची राहून जाते.

टिवोली नेमके कुठे आणि केवढे?

कोपनहेगनच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की टिवोली. दुसऱ्या बाजूला महापालिकेची इमारत. विमानतळावरून रेल्वेने मध्यवर्ती स्थानक साधारण १५ मिनिटांवर आहे. म्हणजे ज्यांचे विमान संध्याकाळी उतरते, त्यांनाही सामान हॉटेलवर किंवा स्थानकातील लॉकरमध्ये टाकून थेट तिथे जाता येते.

आकार मात्र लहान. सुमारे आठ हेक्टर, म्हणजे वीस एकर. दादरचे शिवाजी पार्क याहून मोठे आहे. एवढ्या जागेत तळे, फुलांचे वाफे, नाट्यगृहे, संगीत सभागृह, हॉटेल, डझनावारी उपाहारगृहे आणि ८० मीटर उंचीचा फिरता पाळणा बसवला आहे. जगात आजही चालू असलेल्या करमणूक उद्यानांत टिवोलीचा क्रमांक जुनेपणात तिसरा सांगितला जातो. पहिले बाक्केन कोपनहेगनच्याच उत्तरेला आहे आणि दुसरे व्हिएन्नाचे प्राटर.

शहराच्या मध्यावर हे उद्यान टिकले कसे?

करमणूक उद्याने सहसा गावाबाहेर असतात, कारण शहरातील जमीन परवडत नाही. मुंबईकरांना एस्सेलवर्ल्डला जाताना बोटीत बसावे लागे. पुणेकर आणि मुंबईकरांना इमॅजिकासाठी खोपोली गाठावी लागते. टिवोलीही सुरुवातीला गावाबाहेरच होते. त्या वेळी कोपनहेगनला तटबंदी होती आणि पश्चिम वेशीबाहेरची जागा तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली होती. मुंबईच्या फोर्टाबाहेरचे एस्प्लनेड याच कारणासाठी मोकळे होते आणि आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही त्याची उरलेली रूपे. दोन्ही शहरांचे तट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडले. मुंबईत त्या पट्ट्यातून मैदाने उरली, कोपनहेगनमध्ये टिवोली उरले. शहर त्याच्या भोवती वाढत गेले. १९०५ मध्ये महापालिकेची आणि १९११ मध्ये रेल्वे स्थानकाची आजची इमारत झाली, तेव्हा वेशीबाहेरची बाग शहराच्या मध्यावर आली होती. टिवोलीतील वेडेवाकडे तळे म्हणजे त्या जुन्या खंदकाचाच तुकडा आहे.

ही बाग काढली गेओर्ग कार्स्टेन्सन या अल्जियर्समध्ये जन्मलेल्या डॅनिश उद्योगी गृहस्थाने. लोक करमणुकीत रमले की राजकारणाचा विचार करत नाहीत, असे सांगून त्याने राजा आठव्या ख्रिश्चनकडून परवानगी मिळवली, अशी कथा प्रसिद्ध आहे. परवाना पाच वर्षांचा मिळाला आणि १५ ऑगस्ट १८४३ रोजी दरवाजे उघडले. राजाच्या बाजूने पाहता युक्तिवाद फारसा लागू पडला नाही. १८४९ मध्ये डेन्मार्कला संविधान मिळाले आणि अनियंत्रित राजेशाही संपली. टिवोली मात्र चालू राहिले. कार्स्टेन्सन स्वतः लवकरच बाहेर पडला. न्यूयॉर्कच्या १८५३ च्या क्रिस्टल पॅलेसचा तो एक रचनाकार होता. १८५७ मध्ये, पंचेचाळिशीही न गाठता तो वारला.

बागेवर सर्वात मोठे संकट आले ते दुसऱ्या महायुद्धात. जर्मनांच्या ताब्यातील कोपनहेगनमध्ये जून १९४४ मध्ये नाझीधार्जिण्या डॅनिश टोळीने टिवोलीत घातपात घडवला. संगीत सभागृहासह अनेक इमारती जळाल्या. डॅनिश लोकांच्या प्रतिकाराचा सूड म्हणून त्यांच्या आवडत्या जागांवर असे हल्ले केले जात होते. काही आठवड्यांतच बाग पुन्हा उघडली. सभागृह उभे राहायला मात्र १९५६ साल उजाडले. त्याआधी, ब्लॅकआउटच्या काळात, वास्तुविशारद पौल हेनिंगसन यांनी आकाशातून दिसणार नाहीत असे दिवे टिवोलीसाठी तयार केले होते, म्हणजे अंधाराच्या सक्तीतही बाग रात्री चालू ठेवता आली. कोपनहेगनकरांना या जागेबद्दल जो जिव्हाळा वाटतो, त्याचे एक कारण या काळात आहे.

तिकिटाचा हिशेब कसा करावा?

बहुतेक भारतीय कुटुंबांचा गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे एकदा तिकीट काढले की बहुतेक राइड्स त्यात येतात. टिवोलीत प्रवेश वेगळा आणि राइड्स वेगळ्या. प्रवेशाच्या तिकिटात बाग, तळे, उघड्यावरचे बहुतेक कार्यक्रम आणि आतषबाजी असेल तर ती, एवढे येते. राइड्ससाठी एक तर दिवसभराचा पास घ्यायचा किंवा सुटी तिकिटे. पासची किंमत प्रवेशापेक्षाही जास्त असते.

म्हणूनच सहा जणांच्या कुटुंबाने सहा पास काढणे ही सर्वात महाग चूक. आजी-आजोबांना फक्त प्रवेश पुरतो आणि खरे तर त्यांच्यासाठीच ही बाग अधिक आहे. मोठ्या राइड्स तीन-चारांपेक्षा जास्त करणार असतील त्यांनाच पास परवडतो. लहान मुलांच्या बाबतीत आधी उंची पाहावी. मोठ्या रोलर कोस्टरना उंचीची अट आहे आणि पास काढल्यानंतर फळीखाली उभे राहून नकार ऐकणाऱ्या मुलाची समजूत घालणे कोणत्याही देशात अवघडच.

दर दिवसानुसार आणि हंगामानुसार बदलतात. डेन्मार्क युरोपीय संघात असले तरी तिथे युरो नाही, क्रोन चालतो. एक क्रोन गेल्या काही काळात साधारण बारा ते चौदा रुपयांच्या दरम्यान राहिला आहे. संकेतस्थळावरचा आकडा युरो समजून धास्ती घेऊ नये आणि रुपयांत न बदलता खूशही होऊ नये. शहर पाहण्यासाठी कोपनहेगन कार्ड घेणार असाल तर त्यात टिवोलीचा एक वेळचा प्रवेश आणि विमानतळापासूनचा रेल्वेप्रवास येतो, राइड्स येत नाहीत. दोन-तीन संग्रहालये पाहायची असतील तर हे कार्ड फायद्याचे, केवळ टिवोलीसाठी नाही.

कोणता महिना, कोणती वेळ?

टिवोलीची खरी ओळख तिथले दिवे आहेत. एक लाखाहून अधिक दिवे, झाडांत, कमानींवर, तळ्याच्या काठाने. ते पाहायचे तर अंधार हवा, आणि इथे डेन्मार्कचा सूर्य आडवा येतो. मे महिन्याच्या मध्यावर तिथे सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो, जूनअखेरीस दहाच्या सुमारास. आपल्याकडची उन्हाळ्याची सुट्टी साधून गेलेल्या कुटुंबाने संध्याकाळी सहाला बाग सोडली तर दिवे लागलेले त्यांना दिसणारच नाहीत. त्या महिन्यांत शुक्रवार किंवा शनिवार निवडावा. त्या दिवशी बाग मध्यरात्रीपर्यंत उघडी असते. मात्र शुक्रवारी हंगामात ‘फ्रेडाग्सरॉक’ ही १९९७ पासूनची संगीत मैफल असते. ती प्रवेशाच्या तिकिटातच येते, पण नामवंत कलाकार असेल त्या रात्री पाय ठेवायला जागा नसते. गर्दी नको असलेल्यांनी शुक्रवार टाळलेला बरा.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा त्या मानाने सुवर्णमध्य. हवा सुसह्य असते आणि अंधार आठच्या आसपास पडू लागतो. डिसेंबरात तर दुपारी पावणेचारलाच सूर्य मावळतो. नाताळचा हंगाम टिवोलीत १९९४ पासून होतो आणि तेव्हा चार वाजता गेलेल्यालाही सगळे दिवे मिळतात. बदल्यात थंडी, आणि काही राइड्स वाऱ्यापावसाने बंद.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. टिवोली पारंपरिकपणे हंगामांत चालते. वसंतापासून सप्टेंबरपर्यंत उन्हाळी हंगाम, ऑक्टोबरात हॅलोवीन, नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळ. मधल्या काळात दरवाजे बंद असतात आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, म्हणजे नेमके दिवाळीचे दिवस, अनेकदा याच फटीत सापडतात. हंगामाच्या तारखा दरवर्षी वेगळ्या जाहीर होतात. विमानाचे तिकीट काढण्याआधी संकेतस्थळावरील दिनदर्शिका पाहावी, नंतर नव्हे. ऑक्टोबरच्या मध्यावर, वर्षाच्या ४२ व्या आठवड्यात, डॅनिश शाळांना सुट्टी असते. त्या आठवड्यात रांगा लांबतात.

आत गेल्यावर आधी काय पाहावे?

वेळ कमी असेल तर १९१४ सालचा लाकडी रोलर कोस्टर, ‘रुत्शेबानेन’, हुकवू नये. आजच्या मानाने तो ना फार उंच आहे ना फार वेगवान. पण त्याच्या प्रत्येक गाडीत मधोमध एक ब्रेकमन बसतो आणि उतारावर कधी किती ब्रेक लावायचा हे तोच ठरवतो. असे कोस्टर जगात मोजकेच उरले आहेत. ज्यांना उलटे-पालटे व्हायचे आहे त्यांच्यासाठी २००४ चा ‘डेमोनेन’ आहे, ज्यांना शहर वरून पाहायचे आहे त्यांच्यासाठी २००६ चा ८० मीटरचा ‘हिमेलस्किबेट’. आजी-आजोबा आणि लहान मुलांसाठी १९४३ चे फुग्यांच्या आकाराच्या टोपल्यांचे आकाशपाळणे पुरेसे.

दुसरी न चुकवण्याची गोष्ट म्हणजे पँटोमाइम थिएटर. १८७४ ची ही चिनी धाटणीची रंगभूमी, पडद्याच्या जागी पिसारा मिटणारा भलामोठा मोर. प्रेक्षक समोर उघड्यावर उभे राहतात किंवा बसतात. इथे हार्लेक्विन, कोलंबाइन आणि पिएरो यांच्या मूकनाट्यांचे खेळ होतात. संवादच नसल्याने भाषेची अडचण नाही, आणि वेगळे तिकीटही नाही. डेन्मार्कच्या माजी राणी मार्गरेट (दुसऱ्या) यांनी या रंगमंचावरील काही बॅलेंचे नेपथ्य आणि वेशभूषा स्वतः केली आहे. खेळांच्या वेळा त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेत पाहून बाकीची संध्याकाळ त्याभोवती बसवावी.

मुलांना ‘कुरूप बदकाचे पिल्लू’ ठाऊक असेल तर आणखी एक धागा सांगता येईल. हान्स ख्रिश्चन अँडरसन टिवोलीच्या पहिल्याच हंगामात इथे आले होते आणि चीनच्या सम्राटाची ‘नाइटिंगेल’ ही गोष्ट त्यांनी त्याच शरद ऋतूत लिहिली. महापालिकेशेजारी त्यांचा बसलेला पुतळा आहे. तो मान वर करून टिवोलीकडेच पाहतो. वॉल्ट डिस्नेही १९५१ मध्ये इथे येऊन गेले, डिस्नेलँड उघडण्याच्या चार वर्षे आधी.

खाणे, कपडे वगैरे

आतली उपाहारगृहे कोपनहेगनच्या हिशेबानेही महाग आहेत. स्वतःचे खाणे नेता येते, त्यामुळे दशम्या-चटणीचा डबा तळ्याकाठी उघडण्यात संकोच नको. डॅनिश कुटुंबेही डबे आणतात. शाकाहारी गरम जेवण हवे असेल तर रेल्वे स्थानकाच्या बाजूच्या टिवोली फूड हॉलमध्ये पर्याय मिळतात. जुलैतही रात्री गार वारा सुटतो, प्रत्येकाजवळ जाकीट हवे. दुपारी जाऊन मुलांना राइड्स करवून, हॉटेलवर विश्रांती घेऊन रात्री परतायचे असेल तर बाहेर पडण्याआधी फाटकावर पुनर्प्रवेशाचा शिक्का मागून घ्यावा.

आणि टिवोलीचे तिकीटच जड वाटत असेल तर?

मध्यवर्ती स्थानकातून उपनगरी रेल्वेने साधारण २० मिनिटांवर क्लाम्पेनबोर्ग आहे. तिथल्या हरणांच्या रानात १५८३ पासूनचा इतिहास सांगणारे बाक्केन आहे. बागेचा तोरा नाही, संगीत सभागृह नाही. जत्रेसारखा गलबला, आपल्याकडच्या उरुसाशी नाते सांगणारा. पैसे ज्या पाळण्यात बसाल त्याचेच. आत जायला मात्र तिकीट लागत नाही. तेही हिवाळ्यात बंद असते.