पऱ्हाट्या पेटवताय? धुरातून तयार होणारा ओझोन गव्हालाही सोडत नाही

केदारखेडा (ता. भोकरदन) : कपाशीची शेवटची वेचणी झाली की बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. काडी लावली की रान मोकळे. धूर संध्याकाळपर्यंत विरतो, पण त्याच धुरातून डोळ्यांना न दिसणारा एक वायू तयार होतो. तो म्हणजे ओझोन.

ओझोन तर चांगला असतो, असे शाळेत शिकवले होते. तेही खरेच आहे. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरचा ओझोन उन्हातले घातक अतिनील किरण अडवतो. हे किरण जास्त आले तर मोतीबिंदू आणि त्वचेचा कर्करोग वाढतो. जुन्या फ्रीजमधल्या गॅसमुळे हा थर विरळ होत होता. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला, ते गॅस बंद होत गेले आणि आता थर हळूहळू भरून येतोय.

जमिनीलगतचा ओझोन मात्र घातक. गाड्या, कारखाने आणि जाळलेला काडीकचरा यांच्या धुरावर कडक ऊन पडले की तो तयार होतो. म्हणून दुपारी तो जास्त असतो आणि वाऱ्याबरोबर दूरच्या रानातही पोचतो. पानांच्या बारीक छिद्रांतून तो आत शिरतो. पान लवकर पिवळे पडते, दाणा कमी भरतो. रोग समजून फवारणी केली तर पैसा वाया जातो, कारण यावर औषध नाही. माणसाला घसा खवखवणे, खोकला होतो. दमेकऱ्यांना जास्त त्रास होतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशात सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ कमी पिकला. एवढ्या धान्यात ९ कोटी ४० लाख लोकांचे पोट भरले असते.

बोंडअळीच्या धास्तीने अनेकजण पऱ्हाट्या जाळतात. धास्ती खोटी नाही, पऱ्हाट्या रानात उभ्या ठेवूच नयेत. पण किडकी बोंडे वेचून नष्ट करावीत आणि पऱ्हाट्या श्रेडरने बारीक करून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकाव्यात. एकट्याला भाडे परवडत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून यंत्र आणावे. रानाला खत मिळेल आणि शेजारच्या गव्हावरचा धूरही टळेल.