‘करमत नाही’च्या पलीकडे

आई आमच्याकडे न्यू जर्सीला आली, त्याला आता तीन वर्षं होतील. बाबा गेल्यावर तिला साताऱ्यात एकटं ठेवायचं नाही, असं मी आणि ताईनं ठरवलं. पहिलं वर्ष ती छान रुळली. सकाळी पोळ्या, दुपारी शब्दकोडं, शनिवारी मावशीला व्हिडिओ कॉल. मग हळूहळू एकेक गोष्ट सुटत गेली. मावशीचा फोन आला की, "झोपलेय म्हणून सांग." कोडं अर्धवट. तासन् तास खिडकीपाशी. जावयाशी कधी आवाज न चढवणारी आई एकदा त्याच्यावर जोरात ओरडली.

आपल्याकडे अशा वेळी एक उत्तर तयार असतं : "आईला इथं करमत नाही गं!" मीही वर्षभर तेच म्हणत होते. वर तिलाच बोलायचे, "आई, जरा प्रयत्न कर ना!" शेवटी एक दिवस तिनं पाणी न घालताच कुकर लावला, तेव्हा माझे डोळे उघडले.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी१२ तपासलं. बी१२ कमी असेल तर विसरभोळेपणा येतो, उदासही वाटतं. नैराश्यातही स्मरणशक्ती मंदावते. या तिन्हींवर उपचार आहेत, म्हणून त्यांची तपासणी आधी. आईचं बी१२ थोडं कमी निघालं. इंजेक्शनं झाली, पण फरक पडेना.

मग स्मरणशक्तीची चाचणी, तीही इंग्रजीत. आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलेली आई आजचा वार सांगताना अडखळली. ती विसरली होती की प्रश्नच कळला नव्हता? मला सांगता येईना.

रक्ताला भाषेची अडचण नसते. मे २०२५मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं अल्झायमरच्या निदानासाठी पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. रक्तातल्या पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड बीटा १-४२ या दोन प्रथिनांचं गुणोत्तर त्यात पाहतात. त्यावरून मेंदूत अमायलॉइडचा थर साचलाय का, याचा अंदाज येतो. पूर्वी यासाठी पेट स्कॅन करावा लागे किंवा मणक्यातून पाणी काढावं लागे. ४९९ नमुन्यांच्या अभ्यासात ‘पॉझिटिव्ह’ आलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के आणि ‘निगेटिव्ह’ आलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्के निकाल स्कॅनशी किंवा पाण्याच्या तपासणीशी जुळले. काहींचा निकाल मात्र अधांतरी राहिला. ही चाचणी लक्षणं असलेल्या माणसांसाठीच आहे. उगाच धास्तीपोटी करून घ्यायची नाही. किडनीचा आजार असेल तर पी-टाऊ वाढलेलं दिसू शकतं, त्यामुळे निकालाचा अर्थ डॉक्टरांनीच लावायचा.

आईचा निकाल पॉझिटिव्ह आला. मी डॉक्टरांना विचारलं, "तिची चिडचिड, हे गप्प बसणं, यात दिसतं का?" त्या म्हणाल्या, नाही. रक्त प्रथिनांबद्दल सांगतं. मनाचं घरच्यांनी सांगायचं. उदास माणसाला वाईट वाटत असतं, निरुत्साही माणसाला काही करावंसंच वाटत नाही. अल्झायमरमध्ये दोन्ही असू शकतं, कधी कधी विसरणं जाणवायच्याही आधी.

म्हणजे आई प्रयत्न करत नव्हती, असं नव्हतंच. ते माझे शब्द आता परत घेता येत नाहीत. हल्ली शनिवारी मीच मावशीला फोन लावते आणि आईच्या शेजारी बसते. पाच मिनिटं बोलली तरी पुरे.

तुमचे आईवडील इथं असोत की तिकडे, रविवारच्या फोनवर "गोळ्या घेतल्या का?" एवढंच विचारू नका. पूर्वी आवडीनं करायचे ते काय सोडलंय, तेही विचारा. आणि उत्तर "करमत नाही" असं आलं, तर एकदा डॉक्टरांना दाखवा.