इंजिनाचे मिसिंग : आधी वेळ, मग पार्ट

इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये वेळेवर मिश्रण पेटले नाही की गाडी झटका खाते. गॅरेजच्या भाषेत ती ‘मिसिंग मारते’. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा पेटतो, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला २५ वेळा. त्यातले काही ठिणगीचे ठोके हुकले तर चालवणाऱ्याला लगेच कळते. पण गाडी गॅरेजच्या दारात पोहोचेपर्यंत इंजिन शहाण्यासारखे चालू लागलेले असते. सतत होणारे मिसिंग शोधणे सोपे; अधूनमधून होणारे मात्र मिस्त्रीची परीक्षा पाहते आणि मालकाच्या खिशाचीही.

या विषयाला साजेशी गाडी शिरूर तालुक्यातच तयार झाली. रांजणगाव एमआयडीसीतल्या कारखान्यात बनलेली अबार्थ पुंटो फियाटने ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आणली. १.४ लिटरचे टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क आणि दहा लाखांच्या आतली एक्स-शोरूम किंमत. काटेकोर अर्थाने ती हॅचबॅकच, पण मिसिंगच्या बाबतीत टर्बो स्पोर्ट्स कारचे सगळे नखरे तिला लागू पडतात. फियाटने भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणे आता थांबवले आहे. त्यामुळे रस्त्यावर उरलेल्या पुंटोंमध्ये वयाचे दोष धरूनच चालावे लागते : कडक झालेले रबर, गंजलेले कनेक्टर, झिजलेले प्लग.

पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नसून ‘कधी बिघडते’ हा आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करताना? गाडी तापल्यावर, सिग्नलला स्लोमध्ये उभी असताना? पावसात? की शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाताना उसाची ट्रॉली ओलांडायला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की? शेवटच्या उत्तराने निम्मे काम होते. टर्बो हवा दाबून भरतो, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. स्लोमध्ये निभावून नेणारी कॉइल नेमकी इथे हात टेकते. म्हणूनच टर्बो गाडीच्या प्लगची फट अरुंद असते. ती झिजून रुंदावली की जोर लावताना मिसिंग सुरू होते.

दुसरा साक्षीदार गाडीचा कॉम्प्युटर. प्रत्येक ज्वलनाने क्रँकला मिळणारा धक्का तो सेन्सरवरून मोजतो. एखादा धक्का कमी पडला की नोंद होते. पी०३०१ ते पी०३०४ या कोडमधला शेवटचा आकडा सिलिंडर सांगतो. पी०३०० म्हणजे दोष एका सिलिंडरपुरता नाही. कोड वाचून लगेच पुसून टाकण्याची घाई बऱ्याच ठिकाणी होते आणि तीच महागात पडते. कोडसोबत साठवलेली ‘फ्रीझ फ्रेम’ही त्यात पुसली जाते : दोष झाला त्या क्षणीचे आरपीएम, वेग, इंजिनाचे तापमान आणि लोड. मालकाच्या आठवणीपेक्षा ती नोंद भरवशाची. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो जळतो.

समजा, कोड तिसऱ्या सिलिंडरचा आला. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवायची, कोड पुसायचा आणि त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये गाडी न्यायची. कोड पहिल्या सिलिंडरवर सरकला तर कॉइल दोषी. तिसऱ्यावरच राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची. एकही नवा पार्ट न विकत घेता उत्तर मिळते. प्लग बाहेर काढला की त्याचे पांढरे चिनीमातीचे अंग उजेडात फिरवून पाहावे. पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी उभी रेघ दिसली तर ठिणगी फटीत न उडता बाहेरून पळते आहे. असा प्लग आणि कॉइलचा रबरी बूट दोन्ही बदलावे. नुसता प्लग बदलल्यास बुटातला जळका माग नवा प्लगही खराब करतो.

ठिणगी निर्दोष ठरली की हवा आणि इंधन. स्कॅनरवरचा फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर इंधनात करत असलेली वाढ-घट, स्लोमध्ये बराच अधिक दिसत असेल आणि रेस दिल्यावर शून्याकडे येत असेल, तर इन्टेकमध्ये कुठेतरी हवा शिरते आहे. उलट जोर लावताना तो वाढत असेल तर पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर अपुरा पडतो आहे.

इंधनाबाबत या पट्ट्याचा संबंध थोडा जवळचा. शिरूर-दौंड हा उसाचा पट्टा, आणि उसाच्या रसापासून व मळीपासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. देशात आता २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल मिळते. २०१५ ची गाडी त्या काळाआधीची. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडे पातळ होते. कॉम्प्युटर जादा इंधन सोडून ते सावरतो, पण आधीच थकलेल्या पंपाची मर्यादा त्यामुळे लवकर उघडी पडते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. केवळ रविवारी बाहेर निघणारी गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी राहिली, तर पाणी जास्त साचून तळाशी वेगळे होऊ शकते आणि नेमके तेच पंपात जाते.

वायरिंगचा दोष सर्वांत चिवट. शेताजवळच्या शेडमध्ये उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, आणि अर्धवट तुटलेली तार फक्त खड्ड्यात किंवा इंजिन तापल्यावर सुटते. इंजिन चालू ठेवून हार्नेस एकेका ठिकाणी हलवून पाहावा. पावसातले मिसिंग असेल तर कॉइलच्या आसपास पाण्याचा हलका फवारा मारून ते मुद्दाम घडवता येते.

कॉम्प्रेशन तपासणी शेवटी, कारण व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा दोष सहसा लपाछपी खेळत नाही. गॅस्केटमधून झिरपणारे कूलंट हा अपवाद. तेव्हा सकाळी सुरू करताना गाडी काही क्षण मिसिंग मारते, मग सुरळीत चालते, आणि कूलंटची पातळी हळूहळू उतरत जाते. दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी फ्रीझ फ्रेममधल्या आरपीएमला, तापमानाला आणि लोडला पुन्हा न्यावी आणि ‘पेंडिंग’ कोड तपासावेत. तिथे काही आले नाही, तरच गाडी मालकाच्या ताब्यात द्यावी.