जागा आहे, पण फाइल मावत नाही
संगणक घरचा, दारचा : लेखांक ९

मूळ संगणकातच दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या प्रतीला बॅकअप का म्हणू नये, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आता ती प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर न्यायची. काम एका ओळीचं वाटतं: इथे कॉपी, तिथे पेस्ट. चार पत्रं आणि दोन फोटो असतील तर ते खरोखरच एका ओळीचं आहे. फाइल काही जीबीची झाली की मात्र त्या ओळीत अडथळे येतात, आणि पहिला अडथळा असा आहे की भलेभले डिस्क खराब समजून दुकान गाठतात.

एप्रिलमध्ये नेवासा तालुक्यातल्या एका पतसंस्थेतून फोन आला. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था गावोगाव आहेत, आणि मोठ्या फाइलींचं दुखणं मला लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्यांच्या खालोखाल तिथेच भेटतं. फोनवर रोज संध्याकाळी डे-एंड करणाऱ्या ताई होत्या. "सर, डिस्क बाद झाली वाटतं. दोन टीबीची आहे, निम्मी पण भरली नाही, तरी म्हणते फाइल लई मोठी."

"फाइल केवढी आहे?"

"चार पॉइंट काहीतरी जीबी."

रोग तिथेच कळला. तरी दुसऱ्या दिवशी नगरहून गेलो, कारण डिस्कपेक्षा मला त्यांचं बॅकअपचं रजिस्टर बघायचं होतं.

डिस्क म्हणजे नुसतं रिकामं गोदाम नव्हे. कोणती फाइल कुठे ठेवली, नाव काय, आकार किती, याची एक वही डिस्कवर आधी आखावी लागते. फॉरमॅट करणं म्हणजे ही वही आखणं. त्यांच्या डिस्कवरची वही फॅट३२ जातीची होती. मायक्रोसॉफ्टने ती १९९६ साली आणली. तिच्यात प्रत्येक फाइलचा आकार लिहायला ३२ घरांचा रकाना आहे, आणि एका घरात फक्त शून्य किंवा एक बसतो. बत्तीसही घरांत एक भरला की आकडा होतो ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी. त्याहून मोठा आकडा लिहायला घरच नाही. कीर्दीत रकमेचा रकाना लाखापुरताच आखलेला आहे आणि एखादा बागायतदार कोटीचा भरणा घेऊन आला, असं समजा. तिजोरीत जागा आहे, नोटा खऱ्या आहेत, पण वहीत लिहिता येत नाही म्हणून कॅशियर पैसे घेत नाही. संगणकाने इंग्रजीत दिलेला निरोपही नेमका हाच होता: ही फाइल या डिस्कच्या फाइल सिस्टिमसाठी फार मोठी आहे. ताईंनी त्यातलं 'फाइल मोठी' एवढंच वाचलं. आपणही तेवढंच वाचतो.

मायक्रोसॉफ्टला दोष देण्यात अर्थ नाही. १९९६ मध्ये घरच्या संगणकाची अख्खी डिस्क एक-दोन जीबीची असायची. एकच फाइल चार जीबीची होईल, ही तेव्हा चैनीची कल्पना होती.

"पण सर, इतकी वर्षं चालत होतं. मग आत्ताच काय झालं?" हा ताईंचा प्रश्न जास्त चांगला होता. डिस्क होती तशीच होती, फाइल वाढली होती. सभासदांचे फोटो, सह्यांचे नमुने, स्कॅन केलेली कागदपत्रं असं सगळं त्याच डेटाबेसमध्ये जात होतं. त्यात ३१ मार्चला प्रत्येक खात्यावर व्याजाच्या नोंदी पडल्या. फाइल तीन पॉइंट नऊवरून चारच्या पुढे गेली आणि त्या दिवसापासून डिस्कने तिला दार बंद केलं. डिस्क मुळात फॅट३२ केली कोणी? आधी संगणक सांभाळणाऱ्या मुलाने, 'टीव्हीला लावा, कुठेही लावा, चालली पाहिजे' म्हणून. हेतू चांगलाच होता.

आता रजिस्टर. तारीख, 'बॅकअप घेतला', सही असे तीन रकाने. डिस्कवरची शेवटची फाइल नऊ दिवसांपूर्वीची होती. रजिस्टरमध्ये त्यानंतरच्या नऊही दिवसांसमोर बरोबरची खूण आणि सही होती. ताईंनी खोटं काही लिहिलं नव्हतं. त्यांनी रोज डिस्क लावली, कॉपी दिली, समोर आलेली खिडकी बंद केली आणि शेवटची एसटी गाठली. बॅकअप झाला का, हे विचारणारा रकानाच त्या वहीत नव्हता. त्या नऊ दिवसांत मूळ संगणक बसला असता तर नऊ दिवसांचे भरणे आणि उचल पावत्यांवरून पुन्हा चढवाव्या लागल्या असत्या.

उपाय सोपा आहे. 'धिस पीसी'मध्ये डिस्कच्या चित्रावर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'फाइल सिस्टिम'समोर वहीची जात लिहिलेली असते. फॅट३२ दिसलं तर डिस्कवरचं सगळं आधी दुसरीकडे उतरवून घ्या आणि मग डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट केलं की डिस्कवरचं सगळं गेलं असंच धरून चालायचं, म्हणून आधी उतरवणं महत्त्वाचं. आतला माल न हलवता फॅट३२ची एनटीएफएस करणारी 'कन्व्हर्ट' नावाची आज्ञाही विंडोजमध्ये आहे. पण एकुलती एक प्रत अंगावर असलेल्या डिस्कवर असली शस्त्रक्रिया मी करत नाही. तुम्हीही करू नका.

डिस्क कधी विंडोजला, कधी ॲपलच्या मॅकला लावायची असेल, जसं एडिटिंग करणाऱ्यांना करावं लागतं, तर एक्सफॅट घ्या. मॅक एनटीएफएस वाचतो, पण वेगळं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅट दोन्हीकडे चालते आणि तिला चार जीबीची आडकाठी नाही. तिची उणीव अशी की अर्धवट राहिलेल्या कामाची कच्ची नोंद ती ठेवत नाही, एनटीएफएस ठेवते. लिहिणं चालू असताना केबल निघाली तर एनटीएफएस बहुतेक वेळा स्वतःला सावरते, एक्सफॅटचा भरवसा कमी. पतसंस्था, दवाखाना, कारखान्याचं ऑफिस, जिथे सगळे संगणक विंडोजचेच आहेत, तिथे एनटीएफएस, बाकी विचार नको. आणि फॉरमॅट करणं शक्यच नसेल, तर सेव्हन-झिपसारख्या मोफत प्रोग्रॅमने फाइलचे दोन-दोन जीबीचे तुकडे पाडता येतात. मात्र एक तुकडा हरवला की सगळीच फाइल गेली.

वेगाबद्दल आता थोडं, कारण 'दोन तास दाखवतंय' ही दुसरी तक्रार. संगणकाला यूएसबीची दोन तऱ्हेची तोंडं असू शकतात. जुन्या २.० प्रकारातून प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबीच्या आसपास जातात, ३.० मधून साधी फिरती डिस्क शंभर-सव्वाशेपर्यंत जाते. १०० जीबीच्या लग्नाला पहिल्यात पाऊण तासाहून जास्त, दुसऱ्यात पंधरा-सतरा मिनिटं. ३.० च्या तोंडात बहुधा निळं प्लॅस्टिक असतं. डिस्क नवी आणि केबलही नवी, पण ती खुपसली डेस्कटॉपच्या पुढच्या जुन्या काळ्या तोंडात, असं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आधी वाकून तेच बघतो.

सुरुवातीला कॉपी पळते आणि मग रांगते, यात बिघाड नाही. आधी फाइल संगणकाच्या मेमरीत भरून घेतली जाते म्हणून आकडा फुगतो. मेमरी भरली की डिस्कचा खरा वेग दिसू लागतो. शिवाय आजच्या बऱ्याच छोट्या पोर्टेबल डिस्कांत लिहिण्याचे पट्टे मंगळुरी कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. तेवढ्याच तबकडीत जास्त माल बसतो. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची कौलं उचलून परत बसवावी लागतात. जुन्या फाइली पुसून पुसून नव्या टाकलेली डिस्क म्हणून दिवसेंदिवस आळसावते. घाई करून काही होत नाही, आणि मध्येच केबल उपसणं हा तर त्यावरचा उपाय नव्हेच.

विजेचंही बघायला हवं. छोटी अडीच इंची डिस्क संगणकाकडूनच वीज घेते, त्यामुळे लॅपटॉपला लावली असेल तर लाइट गेली तरी काम चालू राहतं. मोठ्या साडेतीन इंचीला वेगळा ॲडाप्टर असतो. लॅपटॉप बॅटरीवर सुरू राहतो आणि डिस्क मात्र अर्ध्या वाक्यात बंद पडते. तिला इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये लावा. आणि कॉपी चालू असताना डिस्क उचलून 'गरम झाली का' बघू नका. आत तबकडी मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेत असते आणि वाचणारी सुई तिच्यापासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही जवळ तरंगत असते.

कॉपी संपली, हिरवी पट्टी भरली, खिडकी गेली. काम अजून झालेलं नाही. पट्टीचा अर्थ एवढाच की संगणकाने पाठवलं. पोचलं का, जसंच्या तसं पोचलं का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो नेवाशाला नवा नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच नेवाशात. सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली. पुढे जवळपास तीनशे वर्षं नकलांवरून नकला होत राहिल्या. लिहिणाऱ्याचा हात चुकला, कोणी न कळलेला शब्द बदलला, कोणी आपल्या पदरची भर घातली. शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथांनी हाती आलेल्या पोथ्या ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे यात कोणी स्वतःची ओवी घुसडू नये, असं बजावून ठेवलं.

नकलेत चूक शिरली का, हे पकडण्याची सोय आज विंडोजमध्येच आहे. 'सर्टयूटिल' या आज्ञेने फाइलचा ठसा काढता येतो; एसएचए-२५६ पद्धतीचा हा ठसा ६४ अक्षरांचा असतो. फाइल चार जीबीची असो की चाळीस, आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. मूळ फाइलचा ठसा आणि डिस्कवरच्या फाइलचा ठसा शेजारी ठेवा. सारखे असतील तर प्रत बिनचूक. आज्ञा टाइप करायचा कंटाळा असेल तर टेराकॉपीसारखा प्रोग्रॅम कॉपी झाल्यावर पडताळणी स्वतः करतो. डिस्क नीट सोडवून पुन्हा लावून मग ठसा काढला तर जास्त चांगलं, म्हणजे संगणक मेमरीतलं न वाचता खरोखर डिस्कवरचं वाचतो.

पण ठशाची एक मर्यादा आहे. चूक आहे एवढं तो सांगतो. काय असायला हवं होतं, ते सांगत नाही. एकनाथांना पाठ शुद्ध करता आला, कारण ताडून बघायला त्यांच्याकडे एकाहून जास्त पोथ्या होत्या. एकच पोथी असती आणि ती बिघडलेली असती, तर त्यांनी तरी काय केलं असतं? म्हणून डिस्का दोन. एक संस्थेच्या तिजोरीत, दुसरी दुसऱ्या गावात किंवा निदान दुसऱ्या इमारतीत, आणि आठवड्याला अदलाबदल. कॉपी आणि पडताळणी झाली की 'सेफली रिमूव्ह' करून डिस्क काढून ठेवायची. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले, तेव्हा संगणकाला जोडून ठेवलेल्या डिस्काही त्याच्या तावडीतून सुटल्या नाहीत. कायम लावून ठेवलेली डिस्क ही सोय आहे, बॅकअप नाही.

पतसंस्थेत त्या दिवशी आम्ही जुनी डिस्क एनटीएफएस केली, दुसरी नवी घेतली, आणि तिसरं काम ताईंनी स्वतः सुचवलं: एका रिकाम्या संगणकावर तो बॅकअप परत चढवून बघायचं. चढला. एका सभासदाची शिल्लक काढून पासबुकाशी ताडली, पैशापर्यंत जुळली. ठसा जुळणं ठीकच, पण परत चढवलेल्या बॅकअपइतका खात्रीचा पुरावा दुसरा नाही. महिन्यातून एकदा ते करायचं ठरलं आहे.

रजिस्टरची नवी पानं ताईंनी पट्टीने आखली आहेत. आता रकाने पाच आहेत: तारीख, फाइलचा आकार, ठशाची शेवटची सहा अक्षरं, पडताळणाऱ्याची सही, आणि डिस्क कुठे ठेवली.

पुढच्या लेखांकात स्टुडिओवाल्यांकडे जाऊ. तोपर्यंत तुमची हार्ड डिस्क कपाटातून काढा आणि तिच्यावरच्या सर्वात नव्या फाइलची तारीख बघून ठेवा.