निद्रिस्त मेंदूतील नहर

मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पोटातून जी नहर-ए-अंबरी खेळवली, तिचा बंदोबस्त पाणी आणण्याचा. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या कडेने वाहणारा मस्तिष्कद्रव मात्र अॅमिलॉइड-बीटासारखा चयापचयातून साचलेला मळ बाहेर नेतो. २०१२ साली रोचेस्टर विद्यापीठातील मायकेन नेडरगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी या व्यवस्थेस ‘ग्लिम्फॅटिक’ हे नाव दिले, आणि पुढल्याच वर्षी, निद्रिस्त उंदरांच्या मेंदूतील पेशीबाह्य अवकाश सुमारे ६० टक्क्यांनी विस्तारून निचरा त्वरेने होतो, असा दाखला पुढे ठेवला. परंतु २०२४ मध्ये लंडनच्या संशोधकांस, तेही उंदरांतच, झोपेत हा निचरा उलट मंदावलेला आढळला. मानवी मेंदूविषयीचा मुकदमा तर अद्याप सुनावणीतच आहे.