एका भांड्यातले जेवण : आइसलंडचे मटणसूप

मटण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? भाजलेले कांदाखोबरे, खमंग वाटण आणि वर लाल तर्री! मटण शिजवताना मसाल्याच्या डब्याला हातही लावायचा नाही, नुसते मीठ आणि मिरपूड, असे कुणी सांगितले तर आपण लगेच म्हणू, "अहो, मग चव कशाची?"

चव हाडाची आणि मंद आचेची. आइसलंडमधल्या बायकांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तिथे घरोघरी होणाऱ्या या सुपाला 'क्योतसूपा' म्हणतात. क्योत म्हणजे मांस आणि सूपा म्हणजे सूप. नावात काही नखरा नाही, आणि सुपातही नाही.

आइसलंड हे युरोपच्या वायव्येला अटलांटिक महासागरातले बेट. वस्ती अजूनही चार लाखांच्या आतच. नवव्या शतकात नॉर्वेकडून माणसे इथे येऊन राहिली, ती आपल्या मेंढ्या घेऊनच. थंडीमुळे धान्य नीट पिकत नाही. उन्हाळ्यात गवत मात्र भरपूर. म्हणून मांस, दूध, लोकर, सगळे मेंढीकडूनच घ्यायचे. आजही उन्हाळाभर मेंढ्या डोंगरांवर मोकळ्या चरतात. सप्टेंबरात सारा गाव त्यांना हाकून खाली आणतो आणि कानावरच्या खुणेवरून ज्याची मेंढी त्याच्या हवाली करतो.

या मेंढीवर घराचा जीव कसा अवलंबून होता, ते १७८३ साली दिसले. लाकी इथे जमीन फाटून ज्वालामुखी उसळला आणि आठ महिने धुमसत राहिला. विषारी वायू आणि राखेने गवत नासले. पाचांतल्या जवळजवळ चार मेंढ्या मेल्या, आणि त्यापाठोपाठ दुष्काळात देशातली सुमारे एक पंचमांश माणसे गेली. अशा देशातल्या बाईने मेंढीचे एक हाडही वाया घालवले नाही, यात नवल ते काय!

जळणाचीही तीच गत. रानातली लाकडे लवकरच संपली. मग आपल्या गोवऱ्यांसारखे मेंढ्यांचे वाळवलेले शेण जाळायचे, तेही जपून. एक चूल, एक भांडे, त्यात सगळे जेवण. थंडीत तग धरणारा कोबी आणि 'गुलरोवा' नावाचा, सलगमच्या जातीचा पिवळा कंद या सुपात पडतो. बटाटे मात्र उशिराचे पाहुणे. १७६० च्या सुमारास ते तिथे पहिल्यांदा पिकले.

आपल्याकडे गुलरोवा मिळत नाही. त्याऐवजी सलगम किंवा नवलकोल घ्यावा.

साहित्य (पाच-सहा माणसांसाठी) : हाडांसकट मटण पाऊण किलो (खांद्याचे व मानेचे तुकडे), बटाटे ४, गाजरे ३, सलगम २, कोबी पाव गड्डा, कांदा १, पातीचा कांदा ३-४ काड्या, तांदूळ किंवा ओट २ टेबलस्पून, मीठ, मिरपूड, पाणी २ लिटर.

कृती : मटण धुऊन गार पाण्यात घाला आणि उकळी आणा. वर फेस येईल तो झाऱ्याने काढून टाका. याचा कंटाळा करू नका, सूप स्वच्छ दिसते ते यामुळेच. मग चिरलेला कांदा व मीठ घालून, झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्या. तिकडे कोकराचे मटण असते, ते पाऊण-एक तासात मऊ होते. आपल्याकडे बहुधा बोकडाचे मिळते, त्याला दीड-दोन तास लागतात. घाई असेल तर फेस काढून झाल्यावर प्रेशर कुकर लावा.

मटण शिजत आले की तांदूळ, गाजर आणि सलगमच्या फोडी घाला. दहा मिनिटांनी बटाटे व कोबी घाला. फोडी मोठ्या ठेवा, नाहीतर सुपाचा लगदा होतो. आणखी पंधरा-वीस मिनिटांनी पातीचा कांदा आणि मिरपूड घालून उतरवा. तिकडे पुष्कळ घरांत मटण वेगळ्या ताटलीत काढून सुपाबरोबर वाढतात. आपण जोडीला पाव ठेवावा.

उरलेले सूप गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीचा थर जमतो, तो हवा तेवढा काढून टाकता येतो. दुसऱ्या दिवशी चवही जास्त मुरलेली लागते. माझी सकाळची शाळा असते तेव्हा आदल्या रात्रीच करून ठेवलेले हे सूप फार उपयोगी पडते.

आता शेवटची गोष्ट, खास आपल्यासाठी. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलंडच्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी एक दिवस सुट्टी घेतली. कचेरीतून घेतली, तशी घरातूनही! पुरुषमंडळी मुलांना घेऊन कामावर गेली, आणि दुकानांतली सॉसेजेस संपून गेली. कारण पटकन शिजवता येण्याजोगे तेवढेच होते. पुढच्याच वर्षी तिथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला. गंमत म्हणजे त्या सुट्टीचा दुसरा दिवस हा तिकडच्या पंचांगातला हिवाळ्याचा पहिला दिवस होता. हल्ली या दिवशी राजधानी रेक्याविकमध्ये मोठ्या चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला क्योतसूपा फुकट वाटण्याची प्रथा पडली आहे.

ते सूप त्या पुरुषांना येत असते तर मुलांना गरम जेवण मिळाले असते! या पदार्थात वाटण नाही, फोडणी नाही, लाटणे नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलालाही जवळ उभे राहून दोनदा दाखवले की जमते. तेव्हा पहिल्यांदा तुम्ही करा, दुसऱ्यांदा भाज्या चिरायला मुलाला किंवा 'ह्यांना' बसवा, आणि तिसऱ्यांदा स्वयंपाकघर त्यांच्या हाती देऊन खुशाल बाहेर बसा.